वाचलेले पाणी कोणाच्या खात्यात?

रावेर तालुक्यातली केळीची बाग, हिवाळ्यातली सकाळ. बागेचे मालक ठिबकच्या नळ्यांची टोके उघडून नळ्या धूत होते. आधी गढूळ पाणी आले, मग नितळ. नितळ दिसताच त्यांनी टोक दुमडून बंद केले आणि पुढच्या ओळीकडे वळले. ठिबकने पाणी किती वाचते, असे मी विचारले. ते म्हणाले, ‘‘पाणी तर वाचतंच, भाऊ. पण रात्री दारं धरायला जावं लागत नाही, ते मोठं.’’ मी पाण्याचा रकाना आखून गेलो होतो. मजुरीचा, झोपेचा आणि रात्रीच्या विजेचा रकाना माझ्या वहीत नव्हता. त्या दिवसापासून मला हा विषय नव्याने शिकावा लागला.

शेतकरी ठिबक किंवा तुषार सिंचन का स्वीकारतो, का टाळतो, आणि स्वीकारल्यावर पाण्याचे पुढे काय होते, हे तीन प्रश्न म्हणजे हे अभ्यासक्षेत्र. त्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा अभ्यास केला. तो १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कालव्याचा लाभ पाणीपट्टीच्या वसुलीपुरता नसतो, तो परिसराच्या साऱ्या अर्थव्यवहारात शोधावा लागतो, ही दृष्टी त्यामागे होती. पुढे याच संस्थेत ए. नारायणमूर्ती यांनी जळगावची केळी आणि नाशिकची द्राक्षे घेऊन ठिबकचा हिशेब मांडला. पाटपाण्याच्या तुलनेत केळीत सुमारे २९ टक्के आणि द्राक्षात सुमारे ३७ टक्के पाणी वाचते, शिवाय उत्पादनही वाढते, असे त्यांना आढळले.

इतका फायदा असेल तर प्रत्येक शेतात नळ्या का दिसत नाहीत? उत्तराचा पहिला भाग भांडवलात आहे. खर्च आज आणि रोख करायचा असतो, लाभ पुढच्या अनेक हंगामांत विखुरलेला असतो. केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्पभूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. महाराष्ट्र सरकारची पूरक जोड धरून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जाते. पण अनुदान हातात पडेपर्यंत पैसा कोणाचा अडकतो, हा प्रश्न टक्केवारीत दिसत नाही. दोन एकरवाल्याला तोच सर्वांत जड जातो.

दुसरा भाग पाण्याच्या किमतीत आहे. मोटारीच्या अश्वशक्तीवर वीजबिल ठरत असेल, तर मोटार दोन तास चालली काय नि आठ तास चालली काय, बिल तेच. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज मोफत झाली. विजेचा खर्च वाचवण्यासाठी पाणी वाचवावे, हे कारण तिथे उरत नाही. कालव्यावरची अडचण आणखी वेगळी. ठिबकला पाणी थोडे लागते, पण रोज किंवा दिवसाआड लागते; आवर्तन मात्र काही आठवड्यांनी येते. मध्ये विहीर किंवा शेततळे नसेल, तर उसाला ठिबक लावा हा सल्ला हवेत राहतो.

तिसरा भाग जमिनीचा. कॅलिफोर्नियातल्या अनुभवावरून मार्गरेट कॅसवेल आणि डेव्हिड झिल्बरमन यांनी १९८०च्या दशकात दाखवले, की पाणी न धरणाऱ्या हलक्या, उताराच्या जमिनीत या पद्धतीचा फायदा अधिक असतो. ठिबकची नळी जमिनीची उणीव भरून काढते. भारी काळ्या रानाचा मालक नळ्या घेत नाही, तेव्हा त्याला अडाणी म्हणण्याआधी त्याच्या मातीत हात घालून पाहावा.

या विषयाचा गाभा मात्र याच्याही पुढे आहे. केळीचे २९ टक्के पाणी वाचले म्हणजे एका एकराच्या पाण्यात साधारण १.४ एकर भिजते. शेतकऱ्याकडे पडीक तुकडा असेल तर तो तिथे नळी नेणारच, आणि त्याच्या जागी मीही नेईन. बाग वाढते, उत्पन्न वाढते. विहीर मात्र पूर्वीइतकीच उपसली जाते. उलट पाटाचे जे पाणी झिरपून खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीत उतरत होते, तेही कमी होते. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये इंग्लंडच्या कोळशाबद्दल हेच ओळखले होते : काटकसरीचे यंत्र आले की एकूण वापर घटेलच असे नाही. शेताची बचत आणि गावाची बचत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका शेताच्या आकड्याला क्षेत्रफळाने गुणून गावाचे उत्तर काढणे, ही या क्षेत्रातली सर्वांत महागडी चूक आहे.

यावरचे उत्तर ठिबकच्या नळीत नाही, पाण्याच्या हक्कात आहे. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून पाणी पंचायतीचे काम उभे केले. तिथे पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्धा एकर या हिशेबाने ठरले, आणि ऊस वर्ज्य झाला. आधी वाटा ठरला, मग काटकसर आली. वाटा ठरलेला असेल, तर वाचलेला थेंब कोणाचा, हेही ठरलेले असते. अनुदानाच्या धोरणांना हा क्रम अजून नीट उमगलेला नाही, असे मला कळकळीने वाटते.

या विषयात येणाऱ्या विद्यार्थ्यांना, कृषी सहायकांना आणि हिशेबाची वही ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना मनापासून निमंत्रण. सूत्रे शिका, ती लागतात. पण एका विहिरीशी वर्षभर नाते ठेवा : पावसाळ्यानंतर तिची पातळी मोजा, वैशाखात पुन्हा मोजा, आणि नळ्या घेतलेल्या शेतकऱ्याइतकाच वेळ त्याच्या खालच्या अंगाच्या शेजाऱ्यालाही द्या. आणि वहीत एक रकाना कोरा ठेवा. तो कशाचा, ते बागेतला माणूस सांगेल.