आडतीचं जेवण कुणाच्या पट्टीवर?

ठराविक हॉटेल बांधून घ्यायचं, पाहुण्याला तिथंच जेवू घालायचं आणि महिनाअखेर एकच बिल चुकतं करायचं, ही पद्धत आजकाल कंपन्यांचे लोक नवी म्हणून सांगतात. बिदर-कलबुर्गीच्या आडत बाजाराला ती जुनीच. मी इंजिनिअर म्हणून कंत्राटदारांची बिलं तपासण्यात उमेद घालवली, त्यामुळे इतिहास वाचतानाही नजर खर्चाच्या रकान्यावरच जाते.

१८७१ साली मुंबईकडून आलेली जीआयपी रेल्वे रायचूरला मद्रास रेल्वेला मिळाली आणि त्या वाटेवरच्या गुलबर्ग्याला दूरचा खरेदीदार मिळाला. तुरीच्या सुगीत गाड्यांची रीघ लागायची. लिलाव, तोल, मग पट्टी. यात दोन रात्री सहज जात. फडक्यातल्या भाकऱ्या पहिल्याच दिवशी संपत. पुढची सोय आडत्याची. मोठ्या पेढीच्या मागं चूल असे, लहान आडत्याच्या घरच्या बाया भाकऱ्या थापत. ज्याच्याकडे दोन्ही नाही तो खानावळीच्या नावे चिठ्ठी द्यायचा: ‘दोन ताटं’. मालकाच्या वळणाप्रमाणे मराठी, कन्नड नाही तर उर्दूत. खानावळवाला ती तारेला टोचून ठेवी आणि हिशेबाच्या दिवशी मोजून पैसे नेई.

यात व्यवहार पक्का होता. ताटाचा दर आधी ठरलेला, मुनीमाच्या हाती रोख नाही, म्हणजे वरचा चहा-पान खर्चात घुसत नाही. खानावळवाल्याला सुगीभर गिऱ्हाईक नक्की. फक्त ताट पोटभर असल्यानं आठ भाकऱ्या खाणाऱ्या गड्याची जोखीम त्याच्यावर! आमच्या खात्याच्या भाषेत हा ‘रेट कॉन्ट्रॅक्ट’च.

आता मुख्य प्रश्न. हे जेवण फुकट होतं का? पट्टीत आडत, हमाली, तोलाई, धर्मादाय असे आकडे कापलेले दिसत. जेवणाचा आकडा नसे. पण आडत्याकडून उचल घेतलेला आणि त्याचं मीठ खाल्लेला शेतकरी शेजारच्या पेढीवर भाव विचारायला जात नसे. शरणबसवेश्वरांच्या दासोहात जेवणाऱ्यावर असं ओझं नसतं, आडतीच्या पंगतीत होतं. तरी याला सरसकट लूट म्हणणं मला पटत नाही. परक्या गावात, बैलं दारात बांधून, रात्री गरम वरण मिळणं ही लहान गोष्ट नव्हती.

कपातींवर सरकारचीही नजर गेली. १९२८ च्या लिनलिथगो आयोगानं नियंत्रित बाजारांची शिफारस केली. निजामाच्या संस्थानानं १३३९ फसलीत, म्हणजे १९३० च्या सुमारास, बाजार कायदा केला. पुढं १ नोव्हेंबर १९५६ ला बिदर जिल्हा फुटला. उदगीर मुंबई राज्यात गेलं. भालकी, औराद म्हैसूरकडे. कमालनगरच्या माणसाला उदगीर जवळचं ते जवळचंच राहिलं. एका रेल्वेमार्गावरच्या या बाजारांना दोन वेगळे कायदे लागले: महाराष्ट्राचा १९६३ चा, कर्नाटकाचा १९६६ चा. गाडीवान मात्र ओळखीच्याच पेढीवर उतरायचा.

जेवणाचा खरा कस लागला तो आयकरात. १९६१ च्या कायद्यात कलम ३७(२) नं ‘करमणूक खर्चा’वर मर्यादा होती. व्यापाऱ्यानं बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला साधं जेवण दिलं तर ती करमणूक होते का? देशभर वाद झाले. गुजरातेतल्या पटेल ब्रदर्सच्या खटल्यात तिथल्या हायकोर्टानं साधं, रिवाजाचं जेवण आणि मेजवानी यांत फरक केला. सरकारनं १९८३ मध्ये व्याख्याच रुंदावली, तीही १ एप्रिल १९७६ पासून मागं लागू करून. सुप्रीम कोर्टानं १९९५ साली निकाल दिला: त्या तारखेआधीचं साधं जेवण करमणूक नव्हे, नंतरचं मात्र नव्या व्याख्येत येतं. म्हणजे भाकरी तीच, वरण तेच. जुन्या व्याख्येत धंद्याचा खर्च, नव्या व्याख्येत करमणूक. १९९८-९९ च्या आकारणीपासून हे पोटकलमच गेलं.

या भांडणात तारेवरच्या चिठ्ठ्यांना वजन होतं, कारण कोण, किती, कुठल्या दिवशी जेवलं याचा तोच पुरावा. आडत बंद झाली की कीर्द-खतावणी कुणीतरी ठेवतं, चिठ्ठ्या मात्र पहिल्यांदा रद्दीत जातात. भालकी, हुमनाबाद, आळंद, उदगीर भागातल्या कुणाच्या माळ्यावर असं बाड असेल तर विकण्याआधी मंडळाला कळवा. फोटो काढून मूळ कागद परत देऊ.