मराठी चौथीनंतरचा फाटा

आपल्या ज्ञातीच्या जुन्या नोंदींत कोणी ‘मराठी सातवी’, तर कोणी ‘इंग्रजी तिसरी’ शिकलेले आढळतात. आजच्या मुलांना हे कोडे उलगडत नाही. मुंबई इलाख्यात शिक्षणाच्या वाटाच दोन होत्या. मराठी चौथी झाल्यावर मुलगा एक तर सातवीपर्यंत शिकून व्हर्नाक्युलर फायनलला बसे, अथवा इंग्रजी शाळेत पहिल्या इयत्तेपासून पुनः आरंभ करून इंग्रजी सातवीस मॅट्रिक होई. पहिल्या वाटेच्या टोकाशी प्राथमिक शिक्षकाची नोकरी असे. कॉलेजचे दार दुसऱ्याच वाटेवर होते. दहा-अकरा वर्षांच्या पोराचे भवितव्य असे ठरून जाई, आणि तेही बहुधा बुद्धीपेक्षा बापाच्या ऐपतीवर!

प्राथमिक शाळा गावात, हायस्कूल मात्र शहरात. फीहूनही राहण्या-जेवण्याची अडचण मोठी. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला, तो हीच अडचण ओळखून. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा त्यांचा हुकूम १९१७ चा. वसतिगृहे त्याआधीची, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

स्वातंत्र्यानंतर हे फाटे जुळत गेले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचविलेल्या आकृतिबंधानुसार महाराष्ट्रात १९७५ साली अकरावीऐवजी दहावीची शालान्त परीक्षा आली. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. नववी-दहावी मात्र त्या हक्काबाहेर राहिली. आणि परगावी नववीत जाणाऱ्या मुलीच्या निवासाची विवंचना अजून घरच्यांच्याच माथी आहे.