स्वच्छ टाकीतला उपाशी मासा

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरी बाळगणाऱ्यांमध्ये लेपर्ड रॅस हा ठिपक्यांचा लहानसा मासा कित्येक वर्षे बदनाम होता. दुकानातून आणून टाकीत सोडला की तो क्षणात वाळूत गडप व्हायचा. दोन-चार दिवसांनी वर यायचा, खडकांवर टोचा मारत फिरायचा, समोर टाकलेले खाणे बघूनही न बघितल्यासारखे करायचा, आणि काही आठवड्यांत पोट खपाटीला जाऊन मरायचा. छंदाच्या पुस्तकांनी मग त्याला नाजूक ठरवले, नवशिक्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये असे बजावले. हा सल्ला चुकीचा नव्हता, त्यामागचे निदान मात्र चुकीचे होते. मासा पुरेसा काटक होता आणि त्याची उपासमार होत होती. ती ओढवली होती टाकीच्या स्वच्छतेबद्दलच्या एका कल्पनेने. मत्स्यालयाच्या आरंभी ही कल्पना नव्हती. ती मध्येच आली, काही दशके ठाण मांडून बसली आणि मग हळूहळू हटली. नव्याने आणलेल्या लेपर्ड रॅसची देखभाल आज ज्या रीतीने केली जाते, ती समजून घ्यायची तर हा मधला काळ पाहावा लागतो.

आधी माशाचे शरीर. मॅक्रोफॅरिंगोडॉन हे त्याच्या प्रजातीचे (जीनसचे) नाव डच मत्स्यशास्त्रज्ञ पीटर ब्लीकर याने १८६२ मध्ये दिले. १९७८ मध्ये जॉन रँडल यांनी या प्रजातीची नव्याने मांडणी करून पाच नव्या जाती त्यात घातल्या. हिंदी महासागराच्या पश्चिमेकडे, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मालदीवपर्यंत यातली एक जात आढळते. बाकीच्यांपैकी बऱ्याच प्रशांत महासागराच्या प्रवाळखडकांवर. या माशांच्या घशात दाढांसारखे मोठे दात असतात. वाळूतले आणि खडकावरचे फोरामिनिफेरासारखे कवचधारी सूक्ष्मजीव, बारीक गोगलगायी आणि इवलेसे कवचधारी प्राणी वेचायचे आणि घशात भरडायचे, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. रॅस कुटुंबातल्या माशांना खरे जठर नसते. एकदा भरपेट खाऊन दुसऱ्या दिवसाची वाट पाहणे त्यांना जमत नाही, थोडे थोडे सतत पोटात जावे लागते. रात्र झाली किंवा भीती वाटली की मासा वाळूत शिरतो. म्हणजे जगण्यासाठी त्याला दोनच गोष्टी लागतात: शिरता येईल अशी बारीक वाळू आणि चरता येईल असा जिवंत, म्हणजे जीवांनी भरलेला, खडक. नेमक्या या दोन गोष्टी जुन्या टाक्यांमध्ये नसत.

पण सर्वांत जुन्या टाक्यांचे तसे नव्हते. १८४६ मध्ये ॲना थिन ही ब्रिटिश बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला घेऊन आली. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते पाणी रोज एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतण्याचे काम तिने घरच्या मोलकरणीला लावले. मत्स्यालयाच्या इतिहासात या मोलकरणीचे नाव कुठेच नोंदलेले नाही. पहिला हवेचा पंप खरे तर तीच. पुढच्या वर्षी थिनने पाण्यात समुद्री शेवाळ घातले आणि ही ओताओत बरीच कमी झाली. १८४९ मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनतज्ज्ञाने गोड्या पाण्याच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपे ठेवली. पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले. त्याने भांडे धुवून काढले नाही. कुजकी पाने खाणाऱ्या तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या, आणि पाणी निवळले. मासा, वनस्पती आणि सफाई करणारा जीव यांचा मेळ बसला की भांडे स्वतःच स्वतःला सांभाळते, हे त्याने शोधनिबंधात मांडले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे मत्स्यालयावरचे पुस्तक आले, आणि काचेवरचा कर १८४५ मध्येच उठलेला असल्याने पेट्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत पोहोचल्या. त्यांतल्या बहुतेक पेट्या नासल्या हे खरे. पण मूळ विचार जिवंत तळाचा होता. टाकी घासून लख्ख ठेवण्याशी त्याचा संबंध नव्हता.

मग हा विचार हरवला कुठे? सार्वजनिक मत्स्यालयांत तो पूर्णपणे हरवला नाही. विल्यम आल्फर्ड लॉइड याने १८७१ च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात जमिनीखाली मोठे अंधारे हौद बांधले आणि त्यांतून पाणी सतत फिरते ठेवले. आंतोन डोर्नच्या नेपल्समधल्या संशोधन केंद्रालाही त्याचा सल्ला मिळाला. १८७७ मध्ये श्लेझिंग आणि म्युंट्झ यांनी अमोनियाचे नायट्रेट करण्याचे काम सूक्ष्मजीव करतात हे दाखवले, आणि अशा व्यवस्था का चालतात याचे उत्तरही मिळाले. घरातल्या टाकीत मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर वेगळेच घडले. विमानाने माल येऊ लागला, ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, आणि फिलिपिन्स व हवाईचे रंगीबेरंगी मासे समुद्रापासून शेकडो मैल दूरच्या शहरांत विकत मिळू लागले. त्यापाठोपाठ कृत्रिम समुद्री मीठ आले. पाणी घरी कालवता येऊ लागले. पण त्या पाण्याबरोबर किनाऱ्यावरचा एकही जीव येत नव्हता. तळाशी जाडसर प्रवाळखडी, तिच्याखाली फिल्टरची जाळी, आणि वर ब्लीचमध्ये बुडवून पांढरेशुभ्र केलेले मेलेले प्रवाळ, अशी टाकी सजू लागली. प्रवाळ हिरवट दिसायला लागले की काढून पुन्हा ब्लीचमध्ये टाकायचे. रोग आला की पाण्यात तांबे घालायचे. ते परजीवी मारते आणि त्यांच्याबरोबर इवलेसे कवचधारी जीव व गोगलगायीही मारते. ब्लीच आणि तांबे या दोन सवयी हातात हात घालून चालल्या. ज्या टाकीत औषध म्हणून विष घालावे लागते, तिथे जिवंत काही ठेवण्यात अर्थ उरत नाही. मृत टाकीतल्या माशाला रोगाशी लढायला औषधाशिवाय दुसरा आधार नसतो, म्हणून पुन्हा तांबे. या चक्रात काही मासे तगले, कारण ते मालकाने टाकलेले खाणे खात. लेपर्ड रॅस वेचून खाणारा. त्याच्यासाठी ती टाकी म्हणजे खडखडीत माळरान होते, आणि शिरायला खाली होती अंग खरचटवणारी खडी.

यावर एक सरळ आक्षेप घेता येतो. आज हा मासा जगतो त्याचे श्रेय जिवंत खडकाला का द्यायचे? गेल्या काही दशकांत फेस काढणारे स्किमर, प्रखर दिवे, पाण्याचे जोरदार पंप, अचूक चाचण्या हे सगळे आले. यंत्रे सुधारली म्हणून मासा जगला, असे का म्हणू नये? कालक्रम या आक्षेपाच्या बाजूने नाही. जकार्तामध्ये राहणाऱ्या ली चिन इंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत अमेरिकेतल्या छांदिष्टांच्या मासिकातून मांडली, तेव्हा त्यांच्याकडे यांपैकी काहीही नव्हते. समुद्राचे पाणी, जीवांनी भरलेले खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे संथ बुडबुडे, एवढ्यावर त्यांचे मासे आणि प्रवाळ जगत. वॉरिंग्टनने गोड्या पाण्यात जे केले, तेच त्यांनी खाऱ्या पाण्यात केले होते. त्यांचे म्हणणे बाहेर फारसे रुजले नाही, कारण समुद्र त्यांच्या हाताशी होता आणि वाचकांच्या नव्हता. नंतरच्या यंत्रांनी ही अडचण सोडवली. जर्मन छांदिष्टांनी स्किमर आणि जिवंत खडक यांची सांगड घातली, मोनॅकोत जॉं जोबेर यांनी वाळूच्या जाड थराखाली पाण्याची पोकळी ठेवून पाहिली, आणि १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी अमेरिकेत छोट्या प्रवाळटाक्यांची लाट आणली. यंत्राचे काम एवढेच की समुद्रापासून दूर असलेल्या खडकावरचे जीव मरू नयेत. माशाला पोसतात ते जीवच. आणि म्हणूनच नवी कोरी टाकी, तिला कितीही महागडी यंत्रे जोडली तरी, लेपर्ड रॅससाठी निरुपयोगी ठरते. तिच्यातल्या खडकावर अजून काही उगवलेले नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मृत टाकी हा निव्वळ मूर्खपणा नव्हता. सिकामा यांनी १९३७ मध्ये वर्णन केलेला आणि १९५१ मध्ये क्रिप्टोकॅरियॉन असे नाव मिळालेला पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी आयुष्याचा एक टप्पा माशाच्या अंगावर काढतो आणि दुसरा तळाला चिकटलेल्या गाठीत. तळाशी वाळू नसेल तर या गाठी काढून टाकणे सोपे. नवा मासा काही आठवडे उघड्या तळाच्या वेगळ्या टाकीत ठेवावा हा नियम त्यातूनच आला, आणि तो नियम असंख्य माशांच्या जिवावरचे संकट टाळतो. लेपर्ड रॅसच्या बाबतीत मात्र हाच नियम जिवावर उठतो. वाळूत शिरता न आलेला मासा रात्रभर काचेवर तोंड आपटतो. प्रवासात पिशवीला धडकून जबडा आधीच दुखावलेला असेल, तर खाणे कायमचे सुटते. यावरची तोड साधी निघाली. विलगीकरणाच्या टाकीत बारीक वाळूने भरलेला एक पसरट डबा ठेवायचा. तांबे वापरायचे असेल तर वाळू प्रवाळाची नको, कारण चुनखडीयुक्त वाळू तांबे शोषून घेते आणि पाण्यातले प्रमाण हातात राहत नाही, गारगोटीची चालते. पहिले काही दिवस मासा भलत्याच वेळी झोपतो आणि उठतो, कारण त्याच्या शरीराचे घड्याळ अजून पकडल्या ठिकाणच्या उजाडण्या-मावळण्यावर चालत असते. मेला असे समजून वाळू उकरणाऱ्या मालकांनी किती जिवंत रॅस मारले असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. उकरायचे नाही, खडकावरून आणलेले कोपेपॉड हे इवलेसे कवचधारी जीव सोडायचे, दिवसातून अनेकदा बारीक गोठवलेले खाणे द्यायचे, आणि टाकीवर जाळी ठेवायची, कारण घाबरलेला रॅस उडी मारतो. विलगीकरण नाकारण्याची गरज पडली नाही; माशाच्या सवयीला त्यात जागा करून दिली, एवढेच.

हा युक्तिवाद सरसकट लावता येत नाही, हेही मान्य करायला हवे. जिवंत प्रवाळाचे मांसच खाणारे काही फुलपाखरू मासे आजच्या उत्तम टाकीतही उपाशी मरतात. त्यांच्या बाबतीत जुन्या पुस्तकांचा शिक्का बरोबर होता. आणि जिवंत खडक समुद्रातूनच येतो, हा प्रश्न उरतोच. किनाऱ्यांच्या लुटीची तक्रार नवी नाही. गॉस यांच्या मुलाने, एडमंडने, १९०७ च्या आत्मचरित्रात वडिलांच्या पुस्तकांनी भारावलेल्या संग्राहकांनी इंग्लंडचे खडकाळ डोह ओरबाडल्याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००३ च्या अहवालाने मत्स्यालयांसाठी दरवर्षी २ ते २.४ कोटी समुद्री मासे विकले जात असल्याचा अंदाज दिला, आणि त्यातले बहुतेक समुद्रात पकडलेले असतात. भारतात खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मुंबई-पुण्याच्या छांदिष्टाला प्रवाळाचा खडक आपल्या समुद्रातून उचलता येत नाही, आणि येऊही नये. त्याच्यापुढे रास्त मार्ग उरतो तो कोरडा खडक घेऊन त्यावर जीव रुजू देण्याचा, आणि त्याला अनेक महिने लागतात. दुकानदाराला हे थांबणे परवडत नाही. टाकीत पैदास केलेला मासा विकण्याचा मार्गही इथे जवळजवळ बंद आहे. क्लाउनफिश खडकावर अंडी चिकटवतो आणि त्याची पिल्ले निघतात तेव्हाच बऱ्यापैकी मोठी असतात, म्हणून १९७० च्या दशकातच त्याची पैदास जमली. रॅस उघड्या पाण्यात अंडी सोडतो. त्यातून निघणाऱ्या पिल्लाचे तोंड इतके बारीक असते की त्याला भरवायला योग्य आकाराचे जिवंत खाद्य वाढवणे हेच मुख्य काम होऊन बसते. म्हणून दुकानातला लेपर्ड रॅस जवळजवळ नेहमी समुद्रातून पकडलेलाच असतो, आणि आधी मासा घेऊन मग टाकी लावणाऱ्या गिऱ्हाइकाला तो विकू नये, असे माझे मत आहे.