यादी आणि तारीख : जुनी मुंबई कोणाच्या नावावर झाली?

मुंबईतल्या जुन्या भाड्याच्या घरांचा इतिहास एका तारखेपासून सांगावा लागतो. १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी खोलीचं जे भाडं होतं तेच तिचं ‘प्रमाण भाडं’, असं १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं ठरवलं. करांसारख्या कारणांनी थोडीफार वाढ करता यायची, पण मूळ आकडा तिथेच गोठला. सोनं वाढलं, पगार वाढले, डाळ-तांदूळ महागले, गिरगावातल्या खोलीचं भाडं मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच राहिलं.

तुम्ही पुण्यात किंवा नाशिकमध्ये ११ महिन्यांच्या करारावर राहत असाल, दरवर्षी घरमालक भाडं वाढवत असेल, तर हे ऐकून हेवा वाटेल. पण गोठलेल्या भाड्याची गोष्ट इतकी सरळ नाही. भाडेकरू मालक कसा झाला, जुनी चाळ टॉवर कशी झाली आणि त्या प्रवासात कोण वर चढलं, कोण जिन्यातच राहिलं, हे सगळं त्यात आहे. आज हेच प्रश्न नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या गावांच्या जुन्या वस्तीपर्यंत येऊन पोहोचले आहेत. म्हणून ही गोष्ट फक्त मुंबईकरांची नाही.

आधी यादीच नव्हती

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. दोन वर्षांनी, १८९८मध्ये सरकारनं ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. दाट वस्ती फोडायची, हवा खेळती करायची, रुंद रस्ते काढायचे, हे त्याचं काम. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते या ट्रस्टचेच. दादर-माटुंग्याची आखीव वस्तीही त्याचीच.

या कामात मालकाला जमिनीची भरपाई मिळे. खोलीत राहणाऱ्याला काय? त्याचं नाव कुठल्याही कागदावर नव्हतं. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टनं जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. उठवलेली माणसं शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळींमध्ये घुसली. दाटी हटवायला निघालेल्या योजनेनं दाटी फक्त पुढच्या गल्लीत ढकलली. पुनर्विकासाचा हा शहरातला पहिला मोठा धडा: ज्याची नोंद नाही, त्याला घराबाहेर काढताना काहीच द्यावं लागत नाही.

भाडेपावतीची ताकद

१९४७च्या कायद्यानं ही परिस्थिती उलटी केली. भाडेपावती हा शहरातला सगळ्यात मौल्यवान कागद झाला. पावती आहे तोवर मालक सहजासहजी काढू शकत नाही. आणि खोली परवडते म्हणून ती कोणी सोडतही नाही.

मग बाजारानं आपली वाट काढली. खोली सोडणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रोख रक्कम घ्यायचा, त्यातला वाटा मालकाला जायचा. ही पागडी. कायद्यात ती गुन्हा होती, व्यवहारात सगळीकडे होती. तिला कायदेशीर मान्यता मिळाली ती थेट १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं.

दुसरीकडे खोलीत खोली निघत गेली. मूळ भाडेकरू पोटभाडेकरू ठेवायचा, तो आणखी एखाद्याला कोपरा द्यायचा. सरकारला अधूनमधून या वास्तवावर शिक्का मारावा लागला. २१ मे १९५९पर्यंत ताब्यात असलेले पोटभाडेकरू संरक्षित ठरले. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहणारे लोकही भाडेकरू ठरले. आजच्या ११ महिन्यांच्या कराराच्या धास्तीचं एक मूळ इथे आहे. राहू दिलं तर माणूस कायमचा भाडेकरू होईल, ही भीती मालकांच्या मनात त्यानंतर पक्की बसली. कित्येकांनी घर भाड्यानं देण्यापेक्षा कुलूप लावणं पसंत केलं.

लक्षात घ्या, प्रत्येक वेळी एक तारीख आहे. तारखेच्या आदल्या दिवशी आलेला आत, दुसऱ्या दिवशी आलेला बाहेर. दोघांची गरज सारखी, दोघांचं बिऱ्हाड सारखं. फरक फक्त कॅलेंडरचा.

मोडकळीस आलेली घरं, शंभर पट भाडं

तुटपुंज्या भाड्यात मालक डागडुजी करेना. भाडेकरू म्हणे, घर मालकाचं, खर्च मी का करू? वासे कुजत गेले, पावसाळ्यात इमारती पडू लागल्या. १९६८मध्ये बेडेकर समिती नेमली गेली आणि १९६९मध्ये कायदा आला. जुन्या खासगी इमारतींवर दुरुस्ती उपकर लावायचा आणि त्या पैशातून सरकारी मंडळानं दुरुस्ती करायची. तेव्हा अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. त्यातही तारखेनुसार वर्ग पडले. १ सप्टेंबर १९४०पूर्वी बांधलेल्या ‘अ’ वर्गात. तीच जुनी तारीख पुन्हा. पुढे हे मंडळ म्हाडाचा भाग झालं.

टेकू लावून इमारत किती वर्षं उभी राहणार? १९८६मध्ये म्हाडा कायद्यात एक नवं प्रकरण घातलं गेलं. इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर सरकार ती मालमत्ता संपादित करून संस्थेला देऊ शकेल. मालकाला भरपाई मासिक भाड्याच्या शंभर पट.

हिशेब करून पाहा. समजा ४० खोल्यांची चाळ आहे, खोलीला महिना २० रुपये भाडं. महिन्याला ८०० रुपये. शंभर पट म्हणजे ८०,००० रुपये. मुंबईच्या मध्यभागातली सबंध चाळ, जमिनीसकट, इतक्या रकमेत. भाडेकरूंना हा पिढ्यांच्या वास्तव्याचा न्याय वाटला. मालकांना दिवसाढवळ्या लूट वाटली. मालकांची संघटना उच्च न्यायालयात हरली आणि १९९२मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली.

खटला पाच न्यायाधीशांकडून सातांकडे, २००२मध्ये नऊ न्यायाधीशांकडे सोपवला गेला, आणि नऊ जणांच्या पीठाचा निकाल आला ५ नोव्हेंबर २०२४ला. घटनेच्या कलम ३९(ब)मध्ये ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ असे शब्द आहेत. प्रत्येक खासगी मालमत्ता त्यात येत नाही, असं बहुमतानं सांगितलं. काही येऊ शकतात, ते परिस्थिती पाहून ठरवावं. म्हाडाचं ते प्रकरण वैध की अवैध, हा मूळ प्रश्न या पीठासमोर नव्हताच. तीन दशकं गेली. दरम्यान किती भाडेकरू वारले, किती मालकांचे वारस परदेशी गेले, किती जिने कोसळले!

इथे जगाकडे एकदा पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात भाड्याच्या इमारतींचं स्वतंत्र मालकीच्या फ्लॅटमध्ये रूपांतर करण्यावर अनेक वर्षं मर्यादा होती: वर्षाला २०० घरं, तीही सोडत काढून. २०१३मध्ये ती सोडतही थांबवली गेली. कारण तिथे मालकीचं रूपांतर म्हणजे भाडेकरू बाहेर, ही भीती. मुंबईत नेमकं उलट: भाडेकरूच म्हणत होता, मला मालक करा. शब्द तोच, रूपांतर. पण ते कोणाच्या बाजूनं होतं, हे नियम कोण लिहितो आणि त्यात कोणाला मोजतो यावर ठरतं.

तिसरा आला : बिल्डर

मालक आणि भाडेकरू एकमेकांना हलवू शकत नव्हते. ही कोंडी फोडायला १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ३३(७) हा नियम आला आणि १९९९मध्ये तो अधिक सढळ झाला. तत्त्व साधं: जुन्या रहिवाशांना फुकट घर द्या, त्या बदल्यात जास्त बांधा आणि जास्तीचं विका. जास्त बांधकामाची मुभा म्हणजे एफएसआय. हजार चौरस मीटरचा भूखंड आणि अडीच एफएसआय असेल, तर अडीच हजार चौरस मीटर बांधकाम. सरकारच्या तिजोरीतून एक रुपया जात नाही; पैसा हवेतून, म्हणजे वरच्या मजल्यांतून येतो.

या नियमातही तारीख आहेच. १३ जून १९९६. त्या दिवशीच्या रहिवाशांची यादी मंडळानं प्रमाणित करायची. त्यानंतर निर्माण केलेली भाडेकरूंची नावं जमेस धरायची नाहीत. यामागचं कारण खरं आहे. नाहीतर पुनर्विकासाची कुणकुण लागताच एका खोलीच्या चार खोल्या आणि चार पावत्या झाल्या असत्या. खोटे भाडेकरू उभे करण्याची विद्या या शहराला अवगत आहेच.

पण यादीबाहेर खोटे लोकच राहतात असं नाही. कारखान्याच्या गाळ्यात कामाच्या जागीच झोपणारा कारागीर यादीत नाही. खानावळ चालवणाऱ्या बाईकडे पथारी टाकणारा गावाकडचा पोरगा यादीत नाही. पावती सासऱ्याच्या नावावर आणि दीर वेगळा झालेला, अशा घरात विधवा सुनेचं नाव यादीत यावं म्हणून तिला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. ज्यांची इमारत पाडली आणि जागी नवी बांधताच आली नाही, ते वर्षानुवर्षं संक्रमण शिबिरात आहेत. त्यांच्यासाठी म्हाडाची आणखी एक यादी आहे, तिला ‘मास्टर लिस्ट’ म्हणतात. झोपडपट्टीची गोष्टही अशीच: १ जानेवारी १९९५, मग २०००, मग २०११. तारीख पुढे सरकते, तिच्या पलीकडे नवी माणसं उभी राहतात.

यादीत असलेल्यांना मात्र खरंच काहीतरी मिळतं, हेही मान्य करावं लागेल. वरळीच्या बीडीडी चाळी हे त्याचं ताजं उदाहरण. १९२०च्या दशकात सरकारनं बांधलेल्या या १६० चौरस फुटांच्या खोल्या. शौचालय मजल्यावर सामाईक. ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या, मालकीच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चार पिढ्या भाड्यानं राहिलेलं कुटुंब मालक झालं. ही लहान गोष्ट नाही. मुंबईत एवढं घर बाजारात घ्यायचं तर त्यातल्या बहुतेकांना एक जन्म पुरला नसता.

आता पाळी लहान गावांची

२ डिसेंबर २०२०ला राज्य सरकारनं मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडून बाकी महाराष्ट्रासाठी एकच विकास नियमावली मंजूर केली. तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. जुन्या, धोकादायक, भाडेकरू असलेल्या इमारती पाडून नव्या बांधायच्या असतील तर जादा एफएसआय, ही मुंबईत घडलेली कल्पना त्यात आहे. म्हणजे नंदुरबार नगरपरिषदेच्या हद्दीतल्या जुन्या पेठेतलं एखादं लाकडी खांबांचं घर, खाली दुकानं, वर दोन-तीन बिऱ्हाडं, तेही आता या हिशेबात येतं.

मुंबईत निदान भाडेकरूंच्या संघटना होत्या, म्हाडाचं मंडळ होतं, शंभर वर्षांचा भांडणाचा सराव होता. लहान गावात भाडं अनेकदा तोंडी बोलीवर चालतं. पावती नाही, करार नाही. ‘काकांशी बोलणं झालंय’ एवढंच. काका गेले, मुलानं बिल्डरशी बोलणी केली, की त्या बोलण्याला किंमत उरत नाही.

अशा वेळी २०१४चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल माहीत असावा. तो मुंबईचा नाही, सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीतला आहे. धोकादायक म्हणून महापालिकेनं इमारत पाडली, मग भाडेकरूचा हक्कही संपला का? न्यायालय म्हणालं, नाही. भिंती पडल्या तरी जमीन शिल्लक आहे आणि भाडेकरूचा हक्क त्याबरोबर शिल्लक आहे. पण हक्क सांगायला तुम्ही भाडेकरू होता हे सिद्ध करता यायला हवं. म्हणजे पुन्हा कागद.

नंदुरबार जिल्ह्याला यादी म्हणजे काय हे मुंबईनं शिकवायची गरज नाही. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. १९७९च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यानं सज्ञान मुलाला वेगळं कुटुंब मानलं. मग प्रश्न आला, सज्ञान कोणत्या तारखेला? सज्ञान मुलीचं काय? पिढ्यान्‌पिढ्या कसलेली पण सातबाऱ्यावर नसलेली जमीन कोणाची? ‘घोषित’ आणि ‘अघोषित’ हे दोन शब्द तिथल्या पाड्यांवर शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक झाले. धरण आणि टॉवर यांत फरक मोठा आहे. पण घर सोडणाऱ्या माणसाला विचारलेला प्रश्न एकच: तुझं नाव आहे का?

यादी नको असं म्हणता येणार नाही. यादी नसताना काय होतं ते १८९८नंतरच्या मुंबईनं पाहिलं. प्रश्न ती कधी होते आणि कोण करतं याचा आहे. मुंबईत प्रत्येक यादी भांडण पेटल्यावर झाली, म्हणून तिच्यात पैसा आणि खोटेपणा शिरला. लहान गावांकडे अजून वेळ आहे. बिल्डर येण्याआधी, इमारतीवर धोक्याची नोटीस लागण्याआधी नगरपरिषदेनं जुन्या पेठेत घरोघर जाऊन कोण राहतं, किती वर्षांपासून, किती जागेत, दुकानामागे कोण झोपतं, हे लिहून घेतलं आणि वॉर्डात जाहीर वाचून दाखवलं, तर त्या यादीवर हरकत घ्यायला माणसाला सवड मिळेल. एफएसआय किती द्यायचा हा वाद त्यानंतरचा.

तोवर ज्यांच्या हातात फोन आहे त्यांनी एवढं करावं. आजीच्या पत्र्याच्या पेटीतली भाडेपावती, जुनं वीजबिल, रेशनकार्डाचं पान, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, यांचे फोटो काढून ठेवावेत. पुढची तारीख कोणती असेल हे कोणी सांगू शकत नाही. ती बहुधा मागची असेल, आणि जाहीर होईल तेव्हा उलटून गेलेली असेल.