अंबरनाथ ते बारवी : पाण्याकाठचा इतिहास, सायकलच्या वेगाने

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही नावे मुंबईकरांच्या मनात गर्दीच्या लोकल, कारखाने आणि वाढत्या इमारती यांच्याशी जोडलेली आहेत. याच शहरांच्या अंगाने उल्हास, वालधुनी आणि बारवी या नद्या वाहतात आणि त्यांच्या काठी सुमारे एक हजार वर्षांचा इतिहास विखुरलेला आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. वालधुनीकाठच्या शिलाहारकालीन शिवमंदिरापासून बारवी धरणापर्यंतचे अंतर सायकलवरून एका सकाळीत कापता येते. या वाटेवर पाहण्याजोगे पुष्कळ आहे. उणीव आहे ती पाण्याकाठच्या स्वतंत्र, सुरक्षित वाटेची.

वालधुनीकाठचे मंदिर

सफरीचा आरंभ अंबरनाथ पूर्वेकडील शिवमंदिरापासून करावा. मंदिरातील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० ही कालनोंद आहे. उत्तर कोकणचा शिलाहार राजा छित्तराज याच्या काळात सुरू झालेले हे बांधकाम त्याचा भाऊ मुम्मुणी (माम्वाणी) याच्या कारकिर्दीत पूर्ण झाले, असे मानले जाते. भूमिज शैलीतील महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या मंदिरांत त्याची गणना होते. शिखराचा वरचा भाग आज अस्तित्वात नाही. मात्र बाह्य भिंतींवरील देवदेवता, नर्तकी आणि गजथर यांचे कोरीव काम पाहताना तास-दीड तास सहज जातो. गाभारा सभामंडपाच्या पातळीपेक्षा बराच खोल असून पायऱ्या उतरून पिंडीपर्यंत जावे लागते. १८६८ मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने येथील शिल्पांची रेखाटने व साचे करवून घेतले होते. आज मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे.

ज्या वालधुनीच्या काठी हे मंदिर उभे राहिले, तिची अवस्था मात्र खेदजनक आहे. काकोळे परिसरातील डोंगरांतून निर्मळ निघणारी ही नदी अंबरनाथ आणि उल्हासनगरमधून जाताना कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी पोटात घेते. वालधुनी व उल्हास यांच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मंदिराचा दगड जपला गेला, पण त्याच्या पायाशी वाहणारे पाणी जपले गेले नाही.

नदीच्या नावाचे शहर

शेजारचे उल्हासनगर हे फाळणीनंतर घडलेले शहर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील 'कल्याण कॅम्प' या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. सिंधूकाठचा मुलूख सोडून आलेल्या माणसांच्या शहराला पुन्हा एका नदीचेच नाव मिळाले.

ही उल्हास नदी सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावते आणि कर्जत, बदलापूर, कल्याणवरून वसईच्या खाडीला मिळते. उन्हाळ्यातही तिला पाणी असते, याचे एक मोठे कारण म्हणजे भिवपुरी येथील टाटांचे जलविद्युत केंद्र. वीजनिर्मितीनंतर तेथून सोडलेले पाणी उल्हासमध्ये येते. बदलापूरच्या बंधाऱ्यावरून ते उचलून अंबरनाथ-बदलापूरला पुरवले जाते.

रेल्वेच्या अंतरानुसार अंबरनाथपासून बदलापूर आठ किलोमीटरवर आहे. शिवकाळात येथे घोडे बदलत म्हणून गावाला बदलापूर हे नाव पडले, अशी लोककथा सांगितली जाते. स्थानकाच्या पश्चिमेकडून जुन्या बदलापूर गावातून बाहेर पडून उल्हासचा पूल ओलांडला की शहर मागे पडते. भातखाचरे, आंबराया, मुळगावच्या टेकडीवरील खंडोबाचे देऊळ आणि पुढे साग-ऐनाचे जंगल अशी वाट बारवीकडे चढत जाते. स्थानकापासून धरण साधारण १२ ते १५ किलोमीटरवर आहे.

बारवी धरण

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बारवी नदीवर बांधलेले हे धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. मूळ उद्देश ठाणे जिल्ह्यातील औद्योगिक वसाहतींना पाणी देण्याचा होता. कारखान्यांभोवती शहरे वाढली, तसे हे पाणी घरांकडे वळले. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर आणि मीरा-भाईंदर या शहरांना आज बारवीचे पाणी मिळते. धरणातून सोडलेले पाणी बारवी नदीवाटे उल्हासमध्ये येते आणि बदलापूरच्या पुढे जांभूळ येथे ते उचलून शुद्ध केले जाते. सायकलस्वार पुलावरून ज्या प्रवाहाकडे पाहतो, तोच दुसऱ्या दिवशी त्याच्या स्वयंपाकघरातील नळाला येतो.

मागणी वाढत गेल्याने धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. अखेरच्या टप्प्यात स्वयंचलित दरवाजे बसवण्यात आले आणि साठवणक्षमता सुमारे २३४ दशलक्ष घनमीटरवरून सुमारे ३४० दशलक्ष घनमीटरवर गेली. वाढीव उंचीनुसार धरण पहिल्यांदा भरले ते २०१९ च्या पावसाळ्यात.

या वाढीव पाण्याची किंमत मुरबाड तालुक्यातील गावांनी मोजली. तोंडली, काचकोळी, मोहघर अशा गावपाड्यांतील घरे आणि शेते जलाशयाखाली गेली. मोबदला, पर्यायी वसाहती आणि कुटुंबातील एकाला नोकरी या मागण्यांसाठी प्रकल्पग्रस्तांना दीर्घकाळ झगडावे लागले. पाणी घेणाऱ्या महापालिकांनी त्यांना सेवेत सामावून घ्यावे, हा तोडगा निघायलाही बरीच वर्षे लागली. हिरव्या डोंगरांमधला निळा जलाशय पाहताना ही गावे आठवणे, हा या सफरीतील इतिहासाचाच भाग होय.

पुढचा रस्ता

धरणापासून रस्ता मुरबाडला जाऊन कल्याण-माळशेज मार्गाला मिळतो. ही वाट प्राचीन व्यापाराची. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. तेथे उतरलेला माल नाणेघाटातून जुन्नरकडे जाई. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहनकालीन शिलालेख आजही पाहता येतो.

मुरबाड तालुक्यातच सिद्धगड आहे. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने १९४२ च्या आंदोलनात विजेचे मनोरे पाडून मुंबई परिसरातील कारखान्यांचा वीजपुरवठा तोडण्याचे धाडस केले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. मात्र नाणेघाट आणि सिद्धगड यांसाठी स्वतंत्र दिवस राखून ठेवावा.

फ्रान्समध्ये काय घडले?

अशाच भूगोलाचे एक उदाहरण फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे नांत ते ब्रेस्त हा कालवा खणण्यात आला. नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी त्याच्या काठाने सपाट वाट ठेवलेली होती. १९२३ ते १९३० या काळात ब्लावे नदीवर गेरलेदां धरण बांधले गेले आणि कालव्याचा एक भाग पाण्याखाली जाऊन जलमार्ग तुटला. २०१५ मध्ये तपासणीसाठी जलाशय रिकामा केला, तेव्हा बुडालेली जलद्वारे आणि घरांच्या भिंती पाहायला लोकांची रीघ लागली. आज कालव्याकाठची जुनी वाट पादचारी आणि सायकलस्वारांसाठी आहे. जलाशयाजवळचा ११८४ मध्ये स्थापन झालेला बाँ-रपो मठही त्याच वाटेवर भेटतो.

तेथे घोड्यांची वाट आयती होती; उल्हास-बारवीकाठी ती नाही. पण बंधारे, जलवाहिन्या आणि शासकीय जमिनींच्या कडेने, पाण्याचे पावित्र्य व सुरक्षितता सांभाळून, काही टप्पे तरी आखणे अशक्य नाही. लोक नदीकाठी नियमित जाऊ लागले, तर तिच्यात काय सोडले जाते याकडेही त्यांचे लक्ष राहील. वालधुनीच्या बाबतीत नेमके हेच घडले नाही.

सायकलस्वारांसाठी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पहाटे निघून उन्हे चढण्यापूर्वी धरण गाठावे. रस्ता अरुंद व वळणांचा असून त्यावर अवजड वाहनेही असतात. त्यामुळे हेल्मेट, मागचा लाल दिवा, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि पुरेसे पाणी सोबत असावे. धरणाची भिंत व तिच्या लगतचे क्षेत्र संरक्षित आहे. तेथे परवानगीशिवाय जाऊ नये.

पावसाळ्यात विशेष सावधगिरी हवी. जलाशय भरताच स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि खालच्या पात्रातील पाणी झपाट्याने वाढते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. कोंडेश्वर आणि बारवी परिसरात बुडून मृत्यू झाल्याच्या घटना घडल्या असून, पावसाळ्यात प्रशासन अशा ठिकाणी मनाईचे आदेश काढते. निघण्यापूर्वी त्यांची चौकशी करावी. पात्रात उतरू नये, पोहू नये आणि काठावर प्लास्टिक टाकू नये. ते लाखो घरांचे पिण्याचे पाणी आहे.