अपुऱ्या दिवसांची बाळे: नाशिकच्या नवजात शुश्रूषेचा मागोवा

गर्भावस्थेचे 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला वैद्यकशास्त्र अकाली जन्मलेले मानते. सुश्रुतसंहितेत आठव्या महिन्यात ओज, म्हणजे शरीराला धारण करणारे सार, अस्थिर असते आणि म्हणून त्या महिन्यातले मूल जगत नाही, असे सांगितले आहे. सातमाशी जगते पण अठमाशी जगत नाही, हा समज मराठी घरांतही दीर्घकाळ टिकून राहिला. प्रत्यक्षात गर्भातला प्रत्येक वाढीव आठवडा फुप्फुसांना बळ देतो, त्यामुळे अठमाशी बाळाच्या जगण्याची शक्यता अधिकच असते.

पॅरिसमध्ये 1880 च्या दशकात स्तेफान तार्निए यांनी इनक्युबेटर, म्हणजेच आपल्याकडची 'काचेची पेटी', रुग्णालयात आणली; तिने बाळाला ऊब दिली, परंतु पुढे या व्यवस्थेत आई मात्र काचेबाहेर राहिली. 1978 मध्ये बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडत असताना एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची कांगारू पद्धत सुरू केली आणि आई पुन्हा उपचाराच्या केंद्रस्थानी आली. महाराष्ट्रात 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या शीव रुग्णालयात आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली, तर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरोघरी नवजातांची काळजी घेऊन नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये प्रसिद्ध केले.

नाशिक जिल्ह्यात रुग्णालयातील उपचार आणि घरोघरची काळजी ही दोन्ही सूत्रे एकत्र येणे अत्यावश्यक होते, कारण सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतील कमी वजनाच्या बाळांना घाट उतरून-चढून शहरातील जिल्हा रुग्णालयाच्या विशेष नवजात कक्षापर्यंत न्यावे लागते आणि वाटेत अंग गार पडणे हाच पहिला धोका असतो. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने आजारी नवजातांचे सरकारी उपचार आणि वाहतूक मोफत केली. तथापि खर्चाचा अडसर दूर झाला तरी जागेची टंचाई उरली. 2017 च्या ऑगस्टमध्ये या कक्षात 55 अर्भके दगावल्याचे उघड झाले, तेव्हा 18 इनक्युबेटरमध्ये एकाहून अधिक बाळे ठेवावी लागत असल्याचे समोर आले, आणि अकाली जन्म, अत्यल्प वजन व उशिरा झालेली पाठवणी ही कारणे प्रशासनाने दिली.

बाळ घरी आले म्हणजे शुश्रूषा संपत नाही. दूध ओढण्याची ताकद नसलेल्या बाळाला वाटी-चमच्याने आईचे दूध पाजणे, त्याला उराशी धरून ऊब देणे, आशाताईंच्या गृहभेटींत वजन पाहणे आणि दृष्टिपटलाची तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत करून घेणे, हा पालकत्वाचाच भाग ठरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1987 ते 1989 दरम्यान घरी सोडलेल्या, 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा प्रौढत्वापर्यंत मागोवा घेतला आणि विकासावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्याची गरज दाखवून दिली. म्हणून नाशिकच्या नवजात कक्षाचे यश केवळ घरी सोडलेल्या बाळांच्या संख्येवर मोजणे अपुरे आहे. सुरगाण्याच्या पाड्यावर परतलेले बाळ पुढील तपासणीला येते की नाही, यावर ते मोजले गेले पाहिजे.