भिशी दोघींचीही, कागद एकीचाच



भिशी आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. बारा जणी, महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल तिच्या हातात सगळा गठ्ठा. बचत गटाचं पासबुक घरात यायच्या कितीतरी आधीपासून आपल्या आज्या, सासवा भिशी लावत होत्या. हीच भिशी अमेरिकेत राहणाऱ्या व्हिएतनामच्या बायका लावतात आणि तिथल्याच मेक्सिकोच्या बायकाही लावतात, हे आम्हाला कळलं तेव्हा गंमत वाटली. व्हिएतनामी बायका तिला ‘हुई’ म्हणतात. हुईत बहुधा बोली लागते, आपल्या लिलावाच्या भिशीसारखी. जिची नड मोठी ती जास्त व्याज सोडते आणि गठ्ठा आधी उचलते. मेक्सिकोच्या बायकांची ती ‘तांदा’. तिच्यात बहुतेक वेळा व्याज नसतं, प्रत्येकीचा नंबर ठरलेला असतो.

म्हणजे दोघीही पोटाला चिमटा घेऊन पैसा बाजूला टाकणाऱ्या. दोघींनाही इंग्रजीचा त्रास. आपला देश सोडून तिथे गेलेल्यांपैकी शेकडा साठाहून जास्त माणसांना आजही इंग्रजी नीट येत नाही, आणि हे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच आहे. तरी व्हिएतनामी म्हटलं की अमेरिकेत लोकांना दुकानं आठवतात, शिकलेली मुलं आठवतात. आणि मेक्सिकन म्हटलं की शेतात वाकलेला मजूर. याचं एक सोपं उत्तर तिथे फार वर्षं दिलं जातं: ते कष्टाळू, हे तसे नाहीत. हे उत्तर आम्हाला फार ओळखीचं वाटलं. म्हणून ते तपासून बघायला बसलो.

त्यासाठी एकच गाव धरू. कॅलिफोर्निया राज्यात वेस्टमिन्स्टर नावाचं गाव आहे. तिथे बोल्सा अॅव्हेन्यू नावाचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर व्हिएतनामी लोकांचा मोठा बाजार. त्याला ‘लिटल सायगॉन’ म्हणतात, म्हणजे छोटं सायगॉन. नूडल्सची खाणावळ, सोन्याचं दुकान, औषधाचं दुकान, सगळ्या पाट्या व्हिएतनामी भाषेत. पण ‘बोल्सा’ हा शब्द मात्र स्पॅनिश, म्हणजे मेक्सिकोच्या लोकांच्या भाषेतला. तो तिथे कसा आला? कारण ती जमीनच मेक्सिकोची होती. १८४६ ते १८४८ या लढाईत मेक्सिको हरला आणि त्याचा जवळजवळ निम्मा मुलूख अमेरिकेने घेतला. कॅलिफोर्निया त्यातलाच. तिथे राहणारी माणसं जागची हलली नाहीत, सरहद्दच त्यांच्या डोक्यावरून पलीकडे गेली. तहात त्यांना नागरिकत्व आणि जमिनी राखण्याचं वचन होतं. पण १८५१ च्या कायद्याने सांगितलं, जमीन तुमची असेल तर कागद आणून सिद्ध करा. खटले वर्षानुवर्षं चालले आणि वकिलांची फी भागवता भागवता कित्येकांच्या जमिनी गेल्या. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला हे जास्त समजावून सांगायला नको.

आता त्याच वेस्टमिन्स्टरची शाळा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोलेदाद विदौरी नावाची एक आत्या आपली मुलं आणि भावाची मुलं घेऊन शाळेत नाव घालायला गेली. तिची स्वतःची मुलं रंगाने उजळ आणि आडनाव ऐकायला फ्रेंच, म्हणून शाळा म्हणाली, यांना घेतो. भावाची मुलं सावळी आणि आडनाव मेंडेझ. ती मेक्सिकन मुलांच्या वेगळ्या शाळेत जातील. आत्याने सरळ सगळी मुलं परत घरी नेली! मुलांचे आईवडील फेलिसितास आणि गोन्झालो मेंडेझ तेव्हा भाड्याने घेतलेली शेती करत होते. ती शेती एका जपानी वंशाच्या कुटुंबाची. युद्ध चालू असल्यामुळे सरकारने त्या कुटुंबाला छावणीत डांबलेलं. गोन्झालो इतर पालकांना जमवत आणि वकिलाकडे फिरत राहिला, आणि शेतीचा सगळा कारभार फेलिसितासने अंगावर घेतला. पाच कुटुंबांनी मिळून कोर्टात दावा लावला. १९४६ साली निकाल मुलांच्या बाजूने लागला, १९४७ साली वरच्या कोर्टाने तो कायम केला. काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत घालणं बेकायदा ठरवणारा अमेरिकेचा प्रसिद्ध निकाल आला १९५४ साली. मेंडेझ कुटुंब त्याच्या सात वर्षं आधी जिंकलेलं होतं.

पुढे ३० वर्षांनी व्हिएतनामी मुलं या भागात आली तेव्हा त्यांना वेगळ्या शाळेत बसवणं कायद्याने शक्यच नव्हतं. ते दार या सावळ्या मुलांच्या आत्याने आणि आईवडिलांनी उघडून ठेवलं होतं. दोन समाजांची तुलना करणारे हे सहसा सांगत नाहीत.

युद्धात अमेरिकेत शेतमजूर कमी पडले, म्हणून १९४२ साली मेक्सिकोशी करार झाला. ‘ब्रासेरो’ योजना. ब्रासो म्हणजे हात. ब्रासेरो म्हणजे हातांनी राबणारा. १९६४ पर्यंत ही योजना चालली आणि सुमारे ४६ लाख करार झाले. बोलावले फक्त पुरुष. बायका मागे गावात, घरची शेती, म्हातारी माणसं आणि मुलं सांभाळत. सरहद्दीवर या पुरुषांना उघडं करून अंगावर डीडीटी फवारायचे. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले शेकडा १० बचत म्हणून कापून घेत. गावी परत गेलात की मिळतील, असं सांगितलेलं. बहुतेकांना ते मिळालेच नाहीत. २००५ नंतर मेक्सिको सरकारने अशा म्हाताऱ्यांना प्रत्येकी ३८,००० पेसो द्यायचं ठरवलं, पण जुना कागद दाखवणाऱ्यालाच. साठ वर्षांपूर्वीचं करारपत्र किती घरांत शिल्लक असणार? आपल्या गटाची बचत कुणी अशी अडकवली तर आपण काय करू, हे आमच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

शेतातलं काम कसलं, तर सॅलडच्या पानांची आणि बिटाची विरळणी, खुरपणी. हातात आखूड दांड्याची कुदळ, दोन फुटांहूनही लहान. तिला मजूर ‘एल कोर्तितो’ म्हणत, म्हणजे आखुडी. आपण खुरपताना निदान बसतो. यांना दिवसभर उभ्याने कमरेत वाकून पुढे सरकायचं. लांब दांडा का नाही? मालक म्हणायचे, आखूड दांड्याने काम नेमकं होतं. मजूर वेगळं सांगत. वाकलेल्या रांगेत जो पाठ सरळ करायला उभा राहील तो मुकादमाला लांबूनच दिसतो. डॉक्टरांनी कोर्टात सांगितलं की या हत्याराने मणके कायमचे खराब होतात. कॅलिफोर्नियात ते बंद झालं १९७५ साली. आणि त्याच वर्षी तिथल्या शेतमजुरांना संघटना करण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. कारखान्यातल्या कामगारांना हा हक्क १९३५ पासून होता, शेतमजुरांना मुद्दाम वगळलं होतं. या लढ्यात डोलोरेस हुएर्ता ही बाई सगळ्यांत पुढे. आधी ती शाळेत शिकवायची. वर्गात मजुरांची उपाशी मुलं बघून तिने नोकरी सोडली आणि १९६२ साली सेसार चावेझबरोबर संघटना उभी केली. अकरा मुलांची आई होती ती, हे जाता जाता सांगतो.

१९७५ हे साल लक्षात ठेवा, कारण याच वर्षी ३० एप्रिलला सायगॉन पडलं आणि व्हिएतनामचं युद्ध संपलं. अमेरिका ज्या बाजूने लढली ती बाजू हरली. त्या वर्षी सव्वा लाखाहून जास्त व्हिएतनामी माणसं अमेरिकेत आली. यातले बरेच शहरातले, शिकलेले, सैन्यात किंवा कचेरीत काम केलेले. पुढच्या वर्षांत आले ते कोळी, शेतकरी, लहान दुकानदार. गळक्या होड्यांतून समुद्रात निघालेले. हजारो बुडाले. थायलंडजवळच्या समुद्रात चाच्यांनी बायकांवर जे अत्याचार केले ते इथे बोलवत नाहीत. या माणसांचं दुःख मेक्सिकोच्या मजुरापेक्षा हलकं होतं, असं आम्ही कधीच म्हणणार नाही.

पण ती अमेरिकेत उतरली तेव्हा काय झालं ते बघा. मे १९७५ मध्ये, म्हणजे महिन्याभरात, त्यांच्यासाठी खास कायदा झाला. राहायला छावण्या, मग प्रत्येक कुटुंबाला हात देणारा जामीन, बहुधा एखादं चर्च. इंग्रजीचे वर्ग, दवाखान्याचा खर्च, कामाचं शिक्षण. १९८० च्या निर्वासित कायद्याने ही मदत ३६ महिन्यांपर्यंत मिळू लागली. कायम राहण्याचा कागद आणि पुढे नागरिकत्व. ज्या युद्धात आपण हात घातला त्यातून पळालेल्यांची जबाबदारी सरकारने घेतली, आणि ते योग्यच होतं. मेक्सिकोतून दुष्काळ, कर्ज आणि बेकारीमुळे निघालेल्याला मात्र निर्वासित म्हणत नाहीत. ब्रासेरो योजना १९६४ साली संपली, पुढे परवान्यांवर मर्यादा आल्या, पण शेतांना मजूर लागतच होते. तीच माणसं त्याच शेतांत येत राहिली, आता बिनकागदाची.

नेलपॉलिशची गोष्ट यातच येते. सॅक्रामेंटो शहराजवळ व्हिएतनामी निर्वासितांची एक छावणी होती. टिपी हेड्रन नावाची सिनेनटी तिथे मदतीला जायची. बायकांना टायपिंग, शिवण शिकवून झालं. पण बायकांचं लक्ष तिच्या रंगवलेल्या नखांवर. तिने आपली नखं करणारी बाई छावणीत आणली, आणि वीस जणी ते काम शिकल्या. इंग्रजी फारसं न बोलता करता येणारं, थोड्या भांडवलाचं काम. एकीने दुसरीला शिकवलं, हुईच्या गठ्ठ्यातून दुकानं निघाली, परवान्याची परीक्षा कॅलिफोर्नियात व्हिएतनामी भाषेतून देता येऊ लागली. आज अमेरिकेत नखांचं काम करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास व्हिएतनामी आहेत.

आता मेक्सिकोच्या बिनकागदी बाईने तांद्यातून तेवढेच पैसे उचलले असते तर? ४०० तासांचं शिक्षणही घेतलं असतं. पण परवान्याच्या अर्जावर सोशल सिक्युरिटी नंबर लिहायची जागा असायची, आणि तो नंबर तिच्याकडे नव्हता. आधार नसल्यावर बँकेत काय होतं, ते आपण जाणतोच. मग तो गठ्ठा घरभाड्यात, आजारपणात, नाहीतर गावी आईला पाठवण्यात जातो. भिशी तीच, पण तिच्यातून दुकान उभं राहत नाही.

आणखी एक आकडा आम्हाला फार बोलका वाटला. १९९० च्या जनगणनेत दोन्ही समाजांत शेकडा पंचवीसच्या आसपास माणसं गरिबीच्या रेषेखाली होती. म्हणजे मदत मिळूनही पंधरा वर्षांत व्हिएतनामी लोकांची गरिबी हटली नव्हती. २०१९ च्या सुमारास व्हिएतनामींमध्ये हे प्रमाण बाराच्या आसपास आलं. मेक्सिकन वंशाच्या लोकांत तेही उतरलं, पण सतरा-अठरापर्यंतच. शिक्षणाचा यात वाटा आहेच. मेक्सिकोतून आलेल्या मोठ्या माणसांपैकी निम्म्यांहून अधिक बारावीइतकंही शिकलेली नव्हती. नुसत्या कागदाने सगळं होतं असं आम्ही म्हणत नाही. पण १९८६ साली सुमारे २७ लाख बिनकागदी लोकांना कायदेशीर केलं, त्यांत बहुसंख्य मेक्सिकन, आणि त्यानंतर त्यांची मजुरी वाढलेली अभ्यासकांना दिसली. माणसं तीच होती. एका कागदाने ती एकदम कष्टाळू झाली नसणार.

व्हिएतनामी लोकांचं सगळं गोड झालं असंही नाही. टेक्सासच्या किनाऱ्यावर ते कोळंबी धरू लागले तेव्हा गोऱ्या कोळ्यांशी वाद पेटला, आणि कू क्लक्स क्लान ही वर्णद्वेषी टोळी बंदुका घेऊन होड्यांतून फिरू लागली. व्हिएतनामी कोळी कोर्टात गेले. न्यायाधीश होत्या गॅब्रिएल मॅक्डोनाल्ड, एक काळी बाई. त्यांनी १९८१ साली टोळीला मनाई केली. नखांच्या दुकानांतल्या बायकांना तर रोज रसायनांचा वास. डोकेदुखी, दमा, अंगावर चट्टे. त्यासाठी कॅलिफोर्नियात २००५ पासून त्यांनी एकजूट करून लढा चालवला आहे. आणि हुई बुडते तेव्हा, म्हणजे गठ्ठा सांभाळणारी पसार होते तेव्हा, तक्रार कुठे करायची हा प्रश्न तिथेही आहेच.

मेक्सिकोच्या लोकांचंही एक सांगायलाच हवं. एकाच गावातून गेलेल्यांनी परदेशात आपल्या गावाची मंडळं काढली. साकातेकास राज्यात अशी पद्धत बसली की मंडळाने गावासाठी एक रुपया पाठवला की गावची नगरपालिका, राज्य आणि केंद्र सरकार प्रत्येकी एक रुपया घालणार. पाण्याची टाकी, रस्ता, शाळेची खोली. २००२ पासून ही योजना देशभर लागू झाली. हे सगळं करणाऱ्यांत भांडी घासणारे, फळं तोडणारे होते, आणि त्यांना बेफिकीर म्हणणारे लोकही होते.

आम्हीही गट फिरताना असं बोललेलो आहोत. रस्त्यालगतच्या वस्तीतला गट होतकरू, वरच्या वस्तीतला आळशी. वरच्या वस्तीत निम्म्या जणींची रेशनकार्डंच नीट नव्हती आणि त्यामुळे बँकेचं कर्ज अडलं होतं, हे आम्ही नंतर पाहिलं.

वेस्टमिन्स्टर गावात २००३ साली व्हिएतनाम युद्धाचं स्मारक झालं: एक अमेरिकन सैनिक आणि एक व्हिएतनामी सैनिक, शेजारी शेजारी. मेंडेझ कुटुंबाचं स्मारक त्याच गावात व्हायला २०२२ साल उजाडलं. शेजारी सांता आना शहर, तिथे मेक्सिकन वस्ती मोठी. त्यातली एखादी आता अमेरिकेची नागरिक झाली असेल आणि गावाकडच्या भावाला कायद्याने बोलवायचं म्हणेल, तर त्या रांगेत आजही वीस वर्षांहून जास्त थांबावं लागतं. तोवर तिची तांदा चालू असते.